तुलना कशाशी करताय ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अणुऊर्जा केंद्रं चालवायचे नियम बदलले की त्याचा पर्यावरण आढावा होतो आणि त्याची बातमी तुमच्या पेपरात चार-पाच ओळींत येते. शेवटची ओळ जवळजवळ ठरलेली असते, की नव्या नियमामुळे पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होणार नाही. बातमी संपली, पान उलटलं. मी मात्र त्या एका शब्दावर अडकतो, लक्षणीय म्हणजे किती आणि मुख्य म्हणजे कशाच्या तुलनेत? हे पत्र त्या 'कशाच्या तुलनेत' साठी आहे, लांबलंय हे मला माहितीये, कापायचं तर कापा पण मधला थर्मामीटरचा किस्सा तेवढा ठेवा.

आधी सांगून टाकतो, मी अणुशास्त्रज्ञ वगैरे नाही. वीजकेंद्रात टर्बाइन आणि कंडेन्सरच्या बाजूला शिफ्ट ड्युटी करून रिटायर झालेला माणूस आहे आणि ते केंद्र कोळशाचं होतं. पण कंडेन्सरच्या पुढे कोळसा आणि अणू सख्खे भाऊ. वाफ टर्बाइन फिरवून थकते, तिचं परत पाणी करायला लागतं, त्यासाठी नदीचं किंवा समुद्राचं गार पाणी नळ्यांतून फिरवायचं आणि गरम करून परत सोडायचं. अणुभट्टीत तर हे जरा जास्तच, कारण तिची वाफ तुलनेने कमी तापमानाची असते आणि कोळशासारखी थोडी उष्णता चिमणीतून वर निघून जात नाही. ढोबळ हिशोब असा की हजार मेगावॉट वीज हवी तर भट्टीत तीन हजार मेगावॉट उष्णता तयार होते, एक भाग तारेत जातो आणि दोन भाग पाण्यात किंवा कूलिंग टॉवर असेल तर हवेत. टॉवर नसेल तर सेकंदाला पन्नासेक घनमीटर पाणी आत घ्यायचं आणि दहा-एक अंशांनी तापवून बाहेर सोडायचं, असं दिवसरात्र, वर्षानुवर्षं. लोक किरणोत्साराला घाबरतात ते मी समजू शकतो, पण रोजच्या रोज माशांना भेटतं ते हे कोमट पाणी. २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

आता किस्सा. आमच्याकडे लिमिट होतं ते फरकाचं, म्हणजे आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी यात सात अंशांपेक्षा जास्त फरक नको. दर तासाला लॉगशीटवर दोन आकडे लिहायचे, इनटेक इतकं, आउटफॉल इतकं, तिसऱ्या रकान्यात वजाबाकी. एका उन्हाळ्यात वारा पडला आणि ओहोटीच्या वेळी आमचंच सोडलेलं गरम पाणी वळसा घेऊन परत इनटेकच्या तोंडाशी येऊन थांबायला लागलं. सकाळी इनटेक २९ होता तो दुपारी ३३ झाला, आउटफॉल ३६ होता तो ४० झाला. वजाबाकी सातच! शीट अगदी स्वच्छ, लाल शाईचा एक ठिपका नाही. मी नवा होतो, ज्येष्ठ ऑपरेटरला विचारलं की साहेब हे बरोबर आहे का, तर ते म्हणाले, बरोबर आहे, फक्त खरं नाहीये. आणि चहा प्यायला निघून गेले. आपणच तापवलेलं पाणी आपण मूळ पाणी म्हणून धरत होतो आणि त्यावर किती तापवलं ते मोजत होतो. खोटा आकडा कोणीच लिहिला नव्हता.

नंतर रिटायर झाल्यावर वेळच वेळ, म्हणून जगभरच्या अणुकेंद्रांचे असले आढावे वाचायचा नाद लागला (घरचे म्हणतात की यापेक्षा कोडी सोडवा), आणि मला जागोजागी तीच लॉगशीट दिसायला लागली.

चालवायचे नियम बदलतात म्हणजे नेमकं काय बदलतं ते आधी बघा, कारण बातमीत ते कधीच नीट येत नाही. कंट्रोल रूममध्ये मर्यादांचं एक जाडजूड पुस्तक असतं, त्याला टेक्निकल स्पेसिफिकेशन्स म्हणतात. त्यात पाणी किती गरम असलं तर भट्टी बंद करायची, कुठला पंप किती तास बिघडलेला चालेल, चाचण्या किती दिवसांनी घ्यायच्या असं सगळं असतं. कधी त्यातली एखादी मर्यादा वाढवून मागतात. कधी त्याच भट्टीतून जास्त पॉवर काढायची परवानगी मागतात, तिला अपरेट म्हणतात. कधी इंधन जास्त दिवस वापरायचं असतं, कधी विजेच्या मागणीप्रमाणे पॉवर रोज वरखाली करायची असते आणि कधी थेट आयुष्यच वाढवायचं असतं, चाळीसचं साठ, साठचं ऐंशी. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर खरंच छोटी वाटते. अमुक अंश वाढले, तमुक टक्के वाढले, त्यात काय एवढं. पण थेंबे थेंबे तळे साचे, आणि इथे तळं शब्दशः आहे.

ते तळं म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडामधलं टर्की पॉइंट केंद्र. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यात सगळं आलं. सुरुवातीला तिथलं गरम पाणी थेट बिस्केन उपसागरात सोडायचा बेत होता, त्यावरून सरकारनेच कोर्टात खेचलं, मग १९७० च्या दशकात तोडगा म्हणून जमिनीवर कालवे खणले. थोडेथोडके नाही, मागे-पुढे वळत जाणारे सगळे मिळून सुमारे २७० किलोमीटर लांबीचे, वरून पाहिलं तर मोठ्या रेडिएटरसारखे दिसतात. पाणी त्यातून फिरत फिरत गार होतं आणि परत इनटेकला येतं. गंमत म्हणजे दुर्मीळ झालेल्या अमेरिकन मगरींना हे कालवे आवडले, १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या तिथे अंडी घालताना सापडल्या आणि पुढे तिथे त्यांचं रीतसर संगोपनच सुरू झालं. म्हणजे एका बाजूला प्रकल्पाने निसर्गाचं भलं केलं असं छातीठोक सांगता येईल असं उदाहरण. दुसऱ्या बाजूला त्या कालव्यांना खाली अस्तर नाही आणि तिथली जमीन सच्छिद्र चुनखडीची. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, कालव्यांचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट होतं, जड होतं, खाली झिरपतं आणि जमिनीखाली पसरत जातं. त्याच बाजूला बिस्केन नावाचा भूजलसाठा, ज्यातून आसपासच्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी येतं.

आता नियम बदलांची रांग बघा. आधी साठ वर्षांचं लायसन्स. मग २०१२ मध्ये पॉवर साधारण १५ टक्क्यांनी वाढवायची परवानगी, तिचा पर्यावरण आढावा वेगळा, निष्कर्ष की लक्षणीय परिणाम नाही. मग २०१४ चा उन्हाळा, पाऊस कमी, कालव्यांत शेवाळ माजलेलं, पाणी तापायला लागलं आणि लिमिट होतं १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअस. पाणी लिमिटला टेकलं तेव्हा काय केलं तर लिमिट १०४ केलं, म्हणजे ४० सेल्सिअस. त्याचाही आढावा झाला बरं का, घाईघाईत झाला पण झाला, निष्कर्ष तोच. मग डिसेंबर २०१९ मध्ये ऐंशी वर्षांपर्यंत चालवायची परवानगी मिळाली, तिचा आढावा आणखी वेगळा. प्रत्येक आढाव्याने तुलना केली ती आदल्या दिवशी जे चालू होतं त्याच्याशी. म्हणजे ४० अंशाची तुलना ३७.८ शी. कालवे नसते तर काय असतं, मीठ कुठवर पोचलंय, त्यात हे चार फॅरनहाइट किती बाष्पीभवन वाढवणार आणि त्याने मीठ किती वाढणार, असा एका कागदावर एकत्र हिशोब मला तरी दिसला नाही. आमच्या लॉगशीटचा तिसरा रकाना, वजाबाकी सात, सगळं बरोबर. पुढे त्या खारट पाण्याची पसरण थांबवायला आणि मागे ओढायला विहिरी घेऊन पंपिंग करायची वेळ आली ती आलीच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला स्वतःला कळायला वेळ लागला. ते १०० चं लिमिट माशांसाठी किंवा मगरींसाठी नव्हतंच मुळी. ते सुरक्षेचं लिमिट होतं, आणीबाणीत भट्टी थंड करायची वेळ आली तर हे पाणी पुरेसं गार आहे ना, एवढ्यासाठीच. अमेरिकेतच मिलस्टोन केंद्रात ऑगस्ट २०१२ मध्ये समुद्राचंच पाणी ७५ फॅरनहाइटच्या वर गेलं म्हणून एक भट्टी बंद ठेवावी लागली आणि २०१४ मध्ये ते लिमिट ८० करून दिलं, तेही सुरक्षेचं गणित नव्याने मांडून. इंजिनियर म्हणून मला यात काही चूक वाटत नाही. हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे भट्टीची उष्णता पाण्याला देणाऱ्या यंत्रात, मूळ डिझाइनला मार्जिन ठेवलेलं असतं, नीट हिशोब करून त्यातलं थोडं वापरलं तर भट्टी धोक्यात येते असं अजिबात नाही. पण सुरक्षेचं गणित जुळलं म्हणजे पर्यावरणाचंही जुळलं असं होत नाही ना. सुरक्षावाले म्हणतात पाण्याचं तापमान हा दुसऱ्या खात्याचा विषय, त्यांच्याकडे डिस्चार्ज परमिट, म्हणजे पाणी बाहेर सोडायचा परवाना, आहे. दुसरं खातं म्हणतं भट्टी कशी चालवायची ते आम्ही कोण सांगणार. आणि मासा या दोघांच्या मध्ये पोहतोय.

आणि हे भांडण नवं नाही हो. मेरीलँडच्या किनाऱ्यावर चेसापीक उपसागरात कॅल्व्हर्ट क्लिफ्स केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा हेच झालं. अमेरिकेचा पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० ला लागू झाला होता आणि तिथल्या अणुऊर्जा आयोगाने नियम केला होता की पर्यावरणाचा अहवाल फाइलला जोडा, पण कोणी हरकत घेतली नाही तर सुनावणी मंडळाने तो बघायची गरज नाही, आणि पाण्याबद्दल दुसऱ्या यंत्रणेने दाखला दिला की आमचं काम संपलं. जुलै १९७१ मध्ये अपील कोर्टाने हा नियम उडवून लावला. त्या निकालातला एक मुद्दा मी कधीच विसरत नाही. कायद्यात शब्द होता की अहवाल प्रस्तावाच्या 'सोबत' गेला पाहिजे, तर कोर्टाने विचारलं की सोबत म्हणजे काय, न उघडलेले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवायचे एवढंच का? ज्याने कुठल्याही ऑफिसात आठ दिवस काढलेत त्याला हा प्रश्न कळेल. पुढे १९७२ च्या कायद्याने पाण्यात काय आणि किती सोडायचं त्या मर्यादा ठरवायचं काम वेगळ्या यंत्रणेकडे गेलं, तरी परिणाम तोलून बघायची जबाबदारी काही अणुवाल्यांच्या डोक्यावरून उतरली नाही. आणि गंमत अशी की ज्या केंद्रावरून हा निकाल लागला तेच कॅल्व्हर्ट क्लिफ्स २००० साली आयुष्य चाळीसवरून साठ करून घेणारं तिथलं पहिलं केंद्र ठरलं.

चाळीसबद्दल एक सांगायचं राहिलं. पुष्कळ लोकांना वाटतं की चाळीस वर्षांनी भट्टी एक्सपायर होते, औषधाच्या बाटलीसारखी. तसं नाहीये. अमेरिकेत तो आकडा १९५४ च्या कायद्यातून आला आणि तो पैशाचा, कर्जफेडीचा, मक्तेदारी होऊ नये याचा विचार करून ठेवलेला होता, पोलाद किती टिकेल यावरून नाही. त्यामुळे मुदत वाढवली म्हणजे पाप केलं असं मी म्हणणार नाही. वाढवलेली वीस वर्षं ही नवीन वीस वर्षं आहेत, जुन्या वीस वर्षांची झेरॉक्स नाही, एवढंच माझं म्हणणं. चाळीस वर्षांपूर्वी नदीत पाणी किती होतं आणि आता किती असतं, उन्हाळा तेव्हा किती लांब होता आणि आता किती, खालच्या अंगाला तेव्हा कोण राहत होतं आणि आता कोण राहतं, हे सगळं बदललेलं असतं.

अमेरिकेत यासाठी १९९६ मध्ये एक मोठा सामाईक अहवाल केला, सगळ्या केंद्रांना मिळून. ९२ विषय काढले आणि त्यातले ६९ असे ठरवले की याचं उत्तर सगळीकडे सारखंच आहे, तेव्हा प्रत्येक केंद्रासाठी परत तपासायला नको. कल्पना वाईट नाही, तेच तेच शंभर वेळा लिहिण्यात कोणाचा फायदा आहे, मी तर म्हणेन निम्मा कागद वाचला. अडचण वेगळीकडे झाली. तो अहवाल पहिल्या मुदतवाढीसाठी होता, म्हणजे चाळीसचं साठ. २०१३ मध्ये तो सुधारला तेव्हाही तसाच. आणि तोच धरून दुसऱ्या मुदतवाढी द्यायला लागले, साठचं ऐंशी. फेब्रुवारी २०२२ मध्ये नियामक आयोगाने स्वतःच कबूल केलं की हे चुकलं, या अहवालात साठच्या पुढची वर्षं धरलेलीच नव्हती, आणि टर्की पॉइंटला दिलेली वाढीव वर्षं परत मागे घेतली. मग अहवाल नव्याने केला, २०२४ मध्ये नियम पक्का झाला आणि मग ती वर्षं परत दिली. दोन-अडीच वर्षं गेली. पण आपली चूक आपणच जाहीर करून दिलेलं लायसन्स मागे खेचायचं याला हिंमत लागते, त्याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

युरोपात बेल्जियममध्ये तर वरातीमागून घोडं. डुल नावाचं केंद्र शेल्ड नदीच्या काठी, पलीकडे नेदरलँड्सची हद्द जवळच. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांची मुदत संपत आलेली, एक तर फेब्रुवारी २०१५ मध्ये बंदही झाली होती, आणि जून २०१५ मध्ये संसदेने कायदा करून दोघींना २०२५ पर्यंत दहा वर्षं वाढवून दिली. पर्यावरण आढावा? केलाच नाही, कारण म्हणे नवीन काही बांधत नाहीये, आहे तेच चालवतोय. पण त्यासाठी साधारण ७० कोटी युरोंची कामं करायची होती. युरोपीय न्यायालयाने २९ जुलै २०१९ ला सांगितलं की एवढी कामं आणि दहा वर्षांची वाढ मिळून हा प्रकल्पच आहे, त्याचा परिणाम पहिल्यांदा केंद्र सुरू झालं तेव्हा होता त्याच तोडीचा असू शकतो, तेव्हा आढावा कायदा करण्याच्या आधी हवा होता, आणि शेजारच्या देशातल्या लोकांनाही विचारायला हवं होतं. मग मार्च २०२० मध्ये बेल्जियमच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण वीज एकदम तोडता येत नाही म्हणून २०२२ च्या अखेरपर्यंत त्याचा अंमल चालू ठेवला आणि सांगितलं तेवढ्यात राहिलेला आढावा करा. म्हणजे भट्टी चालू, वीज चालू आणि तिच्यामुळे काय होईल याचा अभ्यासही शेजारी चालू. हे वाचून हसावं की रडावं कळेना. पण कोर्टाचा मूळ मुद्दा मला पटतो, 'आहे तेच चालवतोय' हे उत्तर होऊ शकत नाही. आमच्या इनटेकचं पाणीही 'आहे तेच' होतं.

उलट बाजूचं उदाहरणही देतो नाहीतर तुम्ही म्हणाल एकांगी लिहितो. फ्रान्समध्ये गारॉन नदीवर गोल्फेश केंद्र आहे, तिथे खालच्या अंगाला नदी २८ अंशांवर जाऊ नये असा नियम. २०२२ च्या उन्हाळ्यात नदी वरूनच इतकी तापून येत होती की केंद्राने काही केलं नाही तरी लिमिटला टेकलेली. त्या केंद्राला मोठे कूलिंग टॉवर आहेत, त्यामुळे ते नदीत भर घालतं ती अंशाच्या काही दशांशांची. त्या वर्षी गॅस महाग, निम्म्या भट्ट्या दुरुस्तीला बंद, म्हणून नियामकाने गोल्फेश, ब्लाये, ब्युजे, सेंट-अल्बान आणि त्रिकास्तां या पाच केंद्रांना तात्पुरती सूट दिली, बदल्यात नदीवर जास्त देखरेख ठेवायला लावली. यात मी नियामकाला दोष देणार नाही, कारण काही दशांशासाठी भट्टी बंद करून त्या जागी गॅस किंवा कोळसा जाळला असता तर तेही पर्यावरणच ना. 'काहीच केलं नाही तर काय होईल' हा रकाना आढाव्यात असतो, तो बहुतेक वेळा दोन परिच्छेदांत गुंडाळतात, तो प्रामाणिकपणे भरला तर कधीकधी केंद्राच्या बाजूनेच जाईल. पण या पाचातली तीन, ब्युजे, सेंट-अल्बान, त्रिकास्तां, ही एकाच ऱ्होन नदीवर एकाखाली एक आहेत आणि मध्ये क्रुआस म्हणून आणखी एक आहे. वरच्याचं आउटफॉल ते खालच्याचं इनटेक. इथे केंद्रागणिक वेगळा आढावा करून काय कळणार, सांगा. नदीचा आढावा करायला हवा, वरपासून खालपर्यंत एकदाच, आणि तात्पुरती सूट दर दोन-तीन उन्हाळ्यांनी लागायला लागली की तिला तात्पुरती म्हणणं सोडायला हवं.

जपानचं थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये तिथे कायदा बदलून साठ वर्षं मोजताना तपासणी किंवा कोर्टाच्या आदेशामुळे बंद असलेला काळ वजा करायची सोय केली. शाळेला सुट्टी लागली ते महिने पोराच्या वयात धरू नका म्हटल्यासारखं आहे. अर्धं बरोबर आहे, बंद भट्टीत न्यूट्रॉनचा मारा नसतो त्यामुळे भट्टीच्या मुख्य भांड्याचं पोलाद ठिसूळ होत नाही. पण केबलचं रबर, काँक्रीट, समुद्राच्या हवेतले पाइप यांना भट्टी चालू आहे की बंद हे कोण सांगणार.

वापरलेल्या इंधनाबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. तरी मुदत वीस वर्षांनी वाढली की वीस वर्षांचं जास्तीचं इंधन त्याच आवारात साठणार हे उघड आहे, आणि इंधन जास्त जाळून काढलं की ते बाहेर आल्यावर जास्त तापलेलं असतं, तलावात जास्त दिवस ठेवावं लागतं. अमेरिकेत हे कायमचं कुठे पुरायचं ती जागा होईलच असं धरून चालले होते, जून २०१२ मध्ये कोर्टाने विचारलं की समजा कधी झालीच नाही तर? उत्तर तयार करायला दोन वर्षं लागली आणि तोवर नवीन लायसन्स अडकून पडली.

पॉवर रोज वरखाली करायचा नियम मात्र मला जास्त खटकतो आणि त्यावर कोणी फार बोलत नाही. आता सौर आणि पवनऊर्जा वाढल्यामुळे दुपारी वीज जास्त होते आणि भट्ट्यांना सांगतात कमी करा, संध्याकाळी परत वाढवा. फ्रान्समध्ये हे वर्षानुवर्षं करतात, भट्टीला काही होत नाही, त्यासाठीच बनवल्यात. पण भट्टीचा जोर आवरायला तिच्या पाण्यात बोरॉन घालतात ते कमी-जास्त करावं लागतं, त्यातून सांडपाणी वाढतं, आणि आउटफॉलचं पाणी दिवसातून एकदा-दोनदा गार-गरम गार-गरम होतं. वर्षभर एकसारखं कोमट पाणी असेल तर काही मासे त्याला सरावतात, हिवाळ्यात तर मुद्दाम उबेला येऊन राहतात, आणि मग भट्टी अचानक बंद झाली की गारठून मरतात, हे पुष्कळ केंद्रांवर झालेलं आहे. आमच्याकडेही ट्रिप झाल्यावर, म्हणजे संच अचानक बंद पडल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी आउटफॉलच्या भिंतीपाशी पांढरी पोटं वर आलेली मी बघितली आहेत, आणि लॉगशीटवर त्या रात्रीचा फरक शून्य, म्हणजे सगळ्यात उत्तम! रोजची सरासरी काढली तर हे कधी दिसणारच नाही. चोवीस तासांची सरासरी ही माशाला माहितीच नसलेली गोष्ट आहे.

तर संपादकसाहेब, माझं मागणं अगदी थोडं आहे आणि ते सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. असल्या आढाव्याची बातमी पुढच्या वेळी आली, कुठल्याही देशातली असो, की तुमच्या बातमीदाराला तीन गोष्टी विचारायला सांगा. आधीचं लिमिट किती होतं आणि नवीन किती. तुलना कालच्या चालू केंद्राशी केलीय की केंद्र यायच्या आधीच्या पाण्याशी. आणि त्याच जागी गेल्या दहा-पंधरा वर्षांत आणखी कुठले कुठले नियम बदलले, त्यांची बेरीज कोणी केलीय का. हरकती पाठवायची शेवटची तारीखही छापा, ती बहुतेक वेळा बातमी येईपर्यंत होऊन गेलेली असते.

उत्तरं मिळाली नाहीत तर तेही छापा, 'विचारलं, सांगितलं नाही' एवढंच. आमच्या लॉगशीटवर शेरा म्हणून एक चौथा रकाना होता. त्या उन्हाळ्यात मी एकदा त्यात 'इनटेकला आपलंच पाणी येतंय' असं पेन्सिलने लिहिलं होतं, सकाळच्या शिफ्टने ते खोडरबराने पुसलं, पण कागदावर दाब उमटलेला राहिला तो राहिलाच.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट ऑपरेटर